आरोग्य-विचार : दुखत नाहीं, म्हणून पाहावयाचें नाहीं काय ?

मुलांच्या प्रकृतीविषयीं आपल्या घरांतून एक नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मूल रडलें कीं पाहावें. हंसत-खेळत असलें, दूधभात जिरत असला, कीं स्वस्थ असावें. हा नियम वाईट नाहीं. सर्दी-पडसें, पोटदुखी, दांत येणें अशा नित्याच्या तक्रारींत तो बहुधा उपयोगीं पडतो, आणि उगाच डॉक्टरांचे उंबरठे झिजविण्यापासून आपणांस वांचवितो. परंतु कांहीं विकार असे आहेत कीं, ते वाढत असतां मुळींच बोलत नाहींत. आणि बोलूं लागतात तेव्हां त्यांवरील सोपा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते. अशाच एका विकाराविषयीं या महिन्यांत लिहावयाचें योजिलें आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या खुब्याचा सांधा हळूहळू आपल्या जागेवरून सरकणें, हा तो विकार होय.

ज्या घरांत असें मूल आहे तेथें साधारणतः पुढील प्रसंग घडतो. डॉक्टर सांगतात, मुलाच्या दोन्ही खुब्यांचें क्ष-किरण चित्र काढून आणा. चित्र निघतें, सर्व ठीक असतें. सहा महिन्यांनीं ते पुन्हां म्हणतात, चित्र काढा. मग घरांत चर्चा सुरू होते. आजोबांचें म्हणणें, 'गेल्या खेपेस ठीक होतें ना ? मग पुन्हां कशाला ?' आजी म्हणते, 'रोज मी माझ्या हातानें तेल लावतें. दुखत असतें तर मला कळलें नसतें होय?' काकांस रजा मिळत नाहीं. वडील म्हणतात, पुढल्या महिन्यांत पाहूं. मुलाची आई या सर्वांत धाकटी. ती गप्प राहते, आणि तारीख पुढें जाते. या चर्चेंत कोणाचेंहि प्रेम उणें नाहीं. उणीव आहे ती माहितीची. ती भरून काढावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ दुखण्याविषयीं दोन शब्द. मेंदूची घडण होत असतां, म्हणजे गर्भांत, जन्माच्या वेळीं किंवा जन्मानंतरच्या आरंभींच्या काळांत, त्यास इजा पोंचली तर हातापायांची हालचाल व शरीराचा तोल यांवरील ताबा कमी पडतो. कोणाचे स्नायु ताठ राहतात, कोणाचे सैल, कोणाचे आपोआप वळवळतात. या स्थितीस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिट्ल यांनीं १८६१ सालीं तेथील प्रसूतिशास्त्र-मंडळापुढें या विषयावर निबंध वाचला, आणि कष्टाच्या बाळंतपणाशीं तिचा संबंध जोडला; त्यामुळें पुष्कळ वर्षें तिला 'लिट्लचा रोग' असेंच नांव होतें. पुढें मनोविश्लेषणामुळें जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड हे आरंभीं मज्जासंस्थेचे वैद्य होते. त्यांनीं १८९७ सालच्या आपल्या ग्रंथांत असा विचार मांडला कीं, कित्येकदां कष्टाचें बाळंतपण हें कारण नसून गर्भांतच घडलेल्या बिघाडाचें तें लक्षण असावें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, कारणें अनेक आहेत : अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भांतील संसर्ग, जन्मतः श्वास कोंडणें, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदुज्वर इत्यादि. ग्रहणांत भाजी चिरली, डोहाळे पुरविले नाहींत, असल्या गोष्टींचा त्यांत कांहींएक संबंध नाहीं. हें येथें मुद्दाम लिहिण्याचें कारण असें कीं, ज्या घरांत सुनेच्या माथीं दोष मारलेला असतो त्या घरांत ती मुलासाठीं दवाखान्याची खेप मागण्यासहि कचरते. आणि तिच्या त्या संकोचाची किंमत पुढें मुलाच्या खुब्यास मोजावी लागते.

आतां मुख्य मुद्दा. मेंदूंतील ही इजा वाढत नाहीं. ती जेवढी झाली तेवढीच राहते. परंतु मुलाचें शरीर वाढत असतें. हाडें लांब होतात, स्नायु त्यांच्या मागें ओढले जातात, आणि ज्या सांध्यावर या ओढाताणीचा भार सर्वांत अधिक पडतो तो सांधा म्हणजे खुबा. म्हणून 'दुखणें वाढणारें नाहीं' या डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ 'आतां पाहावयास नको' असा कोणीं घेऊं नये.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे, हें शाळेंत सर्वांनीं वाचलेलें असतें. कमरेच्या हाडांत एक वाटीसारखी खोबण असते व मांडीच्या हाडाचा गोल माथा तींत बसलेला असतो. परंतु शाळेच्या पुस्तकांत एक गोष्ट सहसा सांगितलेली नसते. ही वाटी व हा गोल जन्मतः पुरते घडलेले नसतात. लहान मुलांत त्यांचा पुष्कळसा भाग मऊ कूर्चेचा असतो. गोल वाटीत नीट बसून फिरत राहतो म्हणून वाटी खोल होते. वाटीचें आवरण मिळतें म्हणून गोल वाटोळा राहतो. दोघे एकमेकांस घडवितात. शाडूची मूर्ति माती ओली आहे तोंवरच वळवितां येते, तसेंच हें आहे.

ही घडण करणारा खरा कारागीर म्हणजे मुलाचें उभें राहणें व चालणें. जन्मतः मांडीच्या हाडाची मान सुमारें ४० अंश पुढें वळलेली असते. मूल रांगूं, उभें राहूं, धांवूं लागलें म्हणजे ती वर्षांवर्षांनीं उलगडत जाऊन मोठेपणीं १५ अंशांच्या आसपास येते. जें मूल उभें राहत नाहीं किंवा फार उशीरां राहतें, त्याच्या हाडाचा हा पीळ उलगडत नाहीं. त्यांत आणखी भर पडते ती स्नायूंच्या असमान ओढीची. मांड्या जवळ आणणारे व पुढें वांकविणारे जांघेचे स्नायु जोरदार ठरतात. मांड्या फांकविणारे त्यांपुढें दुबळे पडतात. अशा ओढीखालीं गोल रोज अगदीं केंसभर बाहेर व वर ढकलला जातो, आणि मूळचा निर्दोष सांधा वर्षां-दोन वर्षांत आपली जागा सोडूं लागतो. 'जन्माच्या वेळीं डॉक्टरांनीं खुबे पाहिले होते, ठीक होते,' असें पुष्कळ आईबाप सांगतात. तें खरेंच असतें. या मुलांचे खुबे जन्मतः बहुधा ठीकच असतात. बिघाड मागाहून येतो.

आणि तो दुखल्यावांचून येतो. गोल अर्धा बाहेर आला तरी पुष्कळदां मूल तक्रार करीत नाहीं. आजीच्या हातावर आमची श्रद्धा आहे. परंतु या बाबतींत तो हात पुरा पडत नाहीं, आणि यांत आजीस कमीपणा नाहीं, कारण तज्ज्ञाचा हातहि पुरा पडत नाहीं. मांड्या पुरेशा फांकतात म्हणून खुबा जागेवर आहे, असें निश्चयानें सांगतां येत नाहीं. पाय ताठ नाहींत, उलट सैल आहेत, म्हणून भीति नाहीं, हेंहि खरें नाहीं. सैल स्नायूंच्या मुलांचेहि खुबे सरकतात. एक पाय आंखूड दिसूं लागणें, लंगोट बदलतांना मांड्या न उघडणें, बसतांना कंबर एका बाजूस कलणें, हीं लक्षणें दिसलींच तर त्वरित दाखवावें. परंतु तीं बहुधा उशीरां दिसतात. वेळेवर सांगणारें साधन एकच, तें म्हणजे ठराविक मुदतीनें काढलेलें क्ष-किरण चित्र.

न पाहिलें तर काय होतें, तेंहि स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. गोल वाटीबाहेर पूर्ण गेला म्हणजे तो कमरेच्या हाडावर घांसूं लागतो व चपटा होतो. मग पुष्कळांस वेदना सुरू होतात, कित्येकांस वयांत आल्यावर. खुर्चीवर नीट बसतां येत नाहीं. मांड्या मिटलेल्या राहिल्यानें धुणें-पुसणें, कपडे बदलणें अवघड होतें. मुलगी वयांत आल्यावर ही अडचण आईस किती जाचते, हें भगिनींस निराळें सांगावयास नको. कंबर तिरपी होते, एकाच बाजूवर भार पडून कातडी दुखावते, आणि कित्येकांच्या पाठीच्या कण्यासहि बांक येतो. ज्या मुलास बोलतां येत नाहीं तें मूल ही वेदना सांगणार कशी ? तें रात्रीं दचकून उठतें, जेवण टाकतें, अंग ताठ करतें. आणि घरांतील माणसें हट्टीपणा समजून दृष्ट काढतात.

येथें कोणीं विचारील कीं, हें सर्वच मुलांस होतें काय ? नाहीं. आणि कोणास होण्याचा संभव किती, हें आतां बऱ्याच नेमकेपणानें सांगतां येतें. रॉबर्ट पॅलिसॅनो व कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांतील त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं या मुलांच्या हालचालीच्या पांच पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवरील मूल आधारावांचून चालतें, जिना चढतें, धांवतेंहि. दुसऱ्या पायरीवरील चालतें, परंतु जिन्यास कठडा लागतो, खांचखळग्यांत अडखळतें. तिसऱ्या पायरीवरील मूल हातांत काठी वा वॉकर धरून चालतें. चौथ्या पायरीवरील बसतें, पण बहुतेक वेळ दुसऱ्यानें किंवा चाकांच्या खुर्चीनें न्यावें लागतें. पांचव्या पायरीवरील मुलास मान सांवरणेंहि कठीण जातें.

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत १९९० ते १९९२ या काळांत जन्मलेल्या अशा ३२३ मुलांची पाहणी करून तिचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदर मुलांपैकीं शेंकडा ३५ जणांचे खुबे सरकलेले आढळले. परंतु पायऱ्यांप्रमाणें पाहतां अंतर फार मोठें होतें : पहिल्या पायरीवर एकाचाहि नाहीं, दुसरीवर शेंकडा १५, तिसरीवर ४१, चौथीवर ६९, आणि पांचवीवर शेंकडा ९०. म्हणजे मूल जितकें कमी उभें राहतें तितका धोका अधिक. यावरून प्रत्येक आईबापांनीं डॉक्टरांस विचारावयाचा पहिला प्रश्न ठरतो : 'आमचें मूल कितव्या पायरीवर आहे ?'

आतां याहून महत्त्वाची हकीकत स्वीडन देशाची. दक्षिण स्वीडनमधील डॉक्टरांनीं व फिजिओथेरपिस्टांनीं १९९४ सालीं एक साधी व्यवस्था सुरू केली. गुन्नार हेग्लुंड हे अस्थिशस्त्रवैद्य तिच्या प्रमुखांपैकीं एक. आपल्या भागांतील प्रत्येक सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचें नांव नोंदवहींत घ्यावयाचें, त्याची ठराविक मुदतीनें तपासणी करावयाची, पायरीप्रमाणें खुब्यांचें चित्र काढावयाचें, आणि आंकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला कीं लगेच उपाय करावयाचा. वीस वर्षांनीं, २०१४ सालीं, त्यांनीं हिशेब मांडला. ही व्यवस्था सुरू होण्यापूर्वींच्या पद्धतीनें वाढलेल्या, १९९० व १९९१ सालीं जन्मलेल्या १०३ मुलांपैकीं नऊ जणांचा खुबा पुरता निखळला होता. १९९२ ते १९९७ या काळांत जन्मलेल्या २५८ मुलांपैकीं दोघांचा निखळला. आणि १९९८ ते २००७ या काळांत जन्मलेल्या ४३१ मुलांपैकीं एकाचाहि नाहीं.

या आंकड्यांपाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें. त्या डॉक्टरांस कोणती नवी वनस्पति सांपडली नव्हती, कीं कोणता अद्भुत शोध लागला नव्हता. क्ष-किरण शंभर वर्षांचे जुने, शस्त्रक्रिया पूर्वींच्याच. नवें होतें तें एवढेंच कीं, एकहि मूल नोंदीबाहेर राहूं द्यावयाचें नाहीं आणि एकहि तारीख चुकूं द्यावयाची नाहीं. शस्त्रक्रिया मुळींच कराव्या लागल्या नाहींत असें नव्हे. परंतु त्या वेळेवर झाल्या. पुढें नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड, स्कॉटलंड इत्यादि देशांनीं ही पद्धति उचलली. ऑस्ट्रेलियांतील तज्ज्ञांनींहि आपले नियम ठरविले, आणि आपल्या देशांतील सेरेब्रल पाल्सीविषयक व बाल-अस्थिशल्य-विषयक संस्थांनीं मिळून भारतीय परिस्थितीस अनुसरून मार्गदर्शक नियम तयार केले आहेत. आपल्याकडे मात्र सरकारी नोंदवही घरोघर येऊन तारखेची आठवण करून देईल अशी स्थिति अद्याप नाहीं. तोंवर ती नोंदवही घरानेंच ठेवावयाची आहे.

चित्र कधीं काढावें ? ऑस्ट्रेलियन नियमांत पहिलें चित्र वयाच्या १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सांगितलें आहे. तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या पायरीवरील मुलांचें त्यानंतर दर सहा महिन्यांनीं. आंकडा स्थिर राहिला म्हणजे डॉक्टर हें अंतर वर्षावर नेतात. पहिल्या दोन पायऱ्यांवरील मुलांस एवढ्या चित्रांची गरज नसते. त्यांचें वेळापत्रक विरळ असतें. मात्र एकाच बाजूस पक्षाघात असलेल्या, चांगल्या चालणाऱ्या कांहीं मुलांचा खुबाहि मोठेपणीं सरकूं शकतो. म्हणून 'चालतो, आतां काय' असें म्हणून डॉक्टरांस विचारल्याशिवाय तपासणी सोडूं नये. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत ही नजर ठेवावयाची असते, आणि वयांत येतांना उंची झपाट्यानें वाढते तेव्हां तर विशेषेंकरून.

सहा महिन्यांची मुदत लक्षांत राहण्यास आपल्या पंचांगासारखें साधन नाहीं. एक चित्र अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, दुसरें दिवाळीच्या सुमारास, असें एकदां ठरवून टाकावें. दिवाळीचा फराळ करण्यास घरांत कोणासहि आठवण करावी लागत नाहीं; तिच्या जोडीनें ही गोष्टहि अंगवळणीं पडेल. लग्न-मुंज, पाहुणेरावळे, परीक्षा यांपायीं आठ-पंधरा दिवस मागेंपुढें झाले तर बिघडत नाहीं. परंतु एक खेप गळाली तर मधलें अंतर एकदम वर्षाचें होतें, आणि लहान मुलाच्या खुब्यास वर्ष हा फार मोठा काळ आहे.

चित्र कसें काढावें, याकडेहि पालकांनीं लक्ष पुरवावें. मूल उताणें, कंबर सरळ, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या छताकडे, पाय फांकलेले नाहींत व एकमेकांवर चढलेलेहि नाहींत, अशा स्थितींत चित्र घ्यावयाचें असतें. ज्याचे पाय सरळ होत नाहींत त्याच्या गुडघ्यांखालीं उशी देऊन कमरेचा बांक नाहींसा करावा लागतो. पाय वांकडे असतां काढलेल्या चित्रावरून आंकडा चुकतो, आणि दोन चित्रांची तुलना होत नाहीं. मूल अनोळखी खोलींत घाबरून ताठतें. म्हणून जवळचें माणूस बरोबर असावें, आणि घरचें पांघरूण किंवा आवडतें खेळणें न्यावें. जवळ थांबणाऱ्यानें तेथील शिशाचा झगा अंगावर घ्यावा. गर्भवती स्त्रीनें मात्र खोलींत थांबूं नये.

चित्रावरून डॉक्टर एक आंकडा काढतात. वाटीच्या बाहेरच्या कडेवरून एक उभी रेघ ओढली म्हणजे गोलाचा कांहीं भाग तिच्या आंत व कांहीं बाहेर राहतो; बाहेरचा भाग एकंदर रुंदीच्या शेंकडा किती, तो हा आंकडा. डेन्मार्कचे रायमर्स यांनीं १९८० सालीं ही पद्धति रूढ केली. शेंकडा ३० पर्यंत नजर ठेवावयाची. त्यापलीकडे गेला तर या विषयांतील अस्थितज्ज्ञांकडे जावयाचें. ४० च्या पुढें बहुधा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. १०० म्हणजे गोल वाटीबाहेर पूर्ण गेला. प्रत्येक मुलाचा निर्णय निराळा, हें उघडच आहे. तथापि नुसतें 'ठीक आहे' एवढ्यावर समाधान न मानतां 'उजवा किती, डावा किती, आणि गेल्या खेपेस किती होता ?' हें प्रत्येक वेळीं विचारून लिहून घ्यावें. एकटा आंकडा थोडेंच सांगतो; दोन आंकड्यांमधील फरक पुष्कळ सांगतो. १८ चे २० झाले तर चिंता नाहीं. १८ चे ३१ झाले तर मूल कितीहि हंसत असलें तरी थांबूं नये.

उपायांविषयीं थोडक्यांत लिहितों. आंकडा लवकर कळला, तर जांघेचे आंखडलेले स्नायु शस्त्रक्रियेनें लांब करणें एवढ्यावर कांहीं मुलांचें भागतें. सरकणें अधिक असेल तर मांडीचें हाड कापून त्याचा पीळ व कोन सुधारावा लागतो, आणि कधीं वाटीवरील छपरासहि आकार द्यावा लागतो. हें काम मोठें, परंतु वेळेवर झाल्यास सांधा जागेवर राहण्याची आशा चांगली असते. गोल चपटा होऊन गेल्यावर मात्र मूळचा सांधा परत मिळत नाहीं. मग केवळ वेदना कमी करण्यासाठीं शस्त्रक्रिया करावी लागते. स्नायु सैल करणारीं बोटुलिनम विषाचीं इंजेक्शनें व पट्टे यांचा अन्य उपयोग आहे. परंतु त्यांनीं खुब्याचें सरकणें कायमचें थांबतें, असें आढळलेलें नाहीं. मालिशाचेंहि तेंच. तेल जरूर लावावें. मुलास तो स्पर्श आवडतो, अंग हलकें होतें. मात्र पाय आंखूड किंवा ताठ दिसतात म्हणून कोणींहि ते जोरानें ओढूं अगर फांकवूं नयेत. हाड नाजूक असतें. कडेवर घेतांना पाय दोन्ही बाजूंस येतील असें घ्यावें. झोपेंत दोन्ही गुडघे वाऱ्यानें कललेल्या पिकासारखे एकाच बाजूस पडत असतील तर उशा कशा लावाव्या, हें फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावें. हें सर्व चित्राच्या जोडीस आहे. चित्राच्या ऐवजीं नाहीं.

क्ष-किरणांच्या भीतीविषयींहि कांहीं जण विचारतात. अशा एका चित्रास लागणारे किरण थोडे असतात, आणि वर्षांतून एक-दोन चित्रांनीं होऊं शकणारा धोका न पाहण्याच्या धोक्यापुढें फारच अल्प आहे. मात्र जुनीं चित्रें जपून ठेवावीं व प्रत्येक खेपेस बरोबर न्यावीं, म्हणजे एकच चित्र दोनदां काढण्याची पाळी येत नाहीं. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांत हें चित्र निघतें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची सोय आहे. १९९९ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना सेरेब्रल पाल्सीच्या व्यक्तींसाठीं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतहि या दुखण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हीं कागदपत्रें एकदां करून ठेवणें हें घरांतील शिकल्या-सवरल्या पुरुषांनीं अंगावर घ्यावयाचें काम आहे. मूल कडेवर घेऊन कचेरीच्या रांगेंत उभें राहण्याचें काम आईवर सोडूं नये.

यावरून शेवटच्या मुद्द्याकडे येतों. एकत्र कुटुंबाचे पुष्कळ दोष अलीकडे दाखविण्यांत येतात, आणि त्यांतील कांहीं खरेहि आहेत. दहा माणसांच्या घरांत जें काम सर्वांचें असतें तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. किंवा अखेर एकट्या सुनेचें होतें. परंतु अशा मुलाच्या बाबतींत एकत्र घरासारखें सामर्थ्यहि दुसरीकडे मिळणें कठीण, मात्र कामांची वांटणी स्पष्ट हवी. आजोबांनीं वही ठेवावी : तारीख, पायरी, उजवा आंकडा, डावा आंकडा, डॉक्टरांनीं सांगितलेली पुढील तारीख. हिशेब राखण्याची त्यांची जन्माची संवय येथें सार्थकीं लागेल. काकांनीं दवाखान्याची वेळ ठरवावी व वाहन पाहावें. वडिलांनीं रजा काढून बरोबर जावें. 'बायका जातील' असें म्हणूं नये, कारण शस्त्रक्रियेचा निर्णय करण्याची वेळ आली तर आरंभापासूनचें सर्व ज्यानें ऐकलें आहे त्यासच तो नीट करतां येतो. आजीनें चित्राच्या दिवशीं मुलाजवळ असावें. तिच्या हाताखालीं तें जितकें शांत निजेल तितकें दुसऱ्या कोणाजवळ निजणार नाहीं. धाकट्या जावेनें त्या दिवशींचा स्वयंपाक संभाळावा. आणि मुलाच्या आईनें काय करावें ? ती रोजच सर्व करीत असते. तिनें मनांतील शंका मोकळेपणानें बोलाव्या, आणि घरानें त्या ऐकाव्या. मुलाच्या बसण्यांत, निजण्यांत, लंगोट बदलण्यांत झालेला बारीकसा फरक बहुधा तिच्याच लक्षांत प्रथम येतो. 'तुला उगीच वाटतें' हें वाक्य अशा वेळीं तोंडांतून काढूं नये.

ज्या घरांत असें मूल नाहीं त्यांनींहि हा लेख वाचून बाजूस ठेवूं नये. आपल्या नात्यांत, शेजारीं, मुलाच्या शाळेंत, कामास येणाऱ्या बाईच्या घरीं असें एखादें मूल बहुधा असतेंच. त्याच्या आईस सहज विचारावें, 'खुब्यांचें चित्र केव्हां काढलें होतें ?' तारीख तिच्या तोंडावर असेल तर उत्तम. नसेल तर पुढच्या आठवड्यांत कोणा जाणत्या डॉक्टरांकडे तिच्याबरोबर जावें, आणि जातांना एक कोरी वही घेऊन जावी.